आवक क्रमांक

नेरुळला, दुसऱ्या मजल्यावर, आईचं डायलिसिस
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
चार तास. डावा हात हलवायचा नाही.
उजव्या हाताने किती वेळ शब्दकोडी सोडवणार?
म्हणून साईशने त्याचा टॅब दिला, सोबत यादी:
निळ्या हाताच्या माणसाचे अकरा चित्रपट.

यादीवरूनच आमचं वाजलं.
साईश म्हणे, काळाच्या क्रमाने दाखव, आत्या.
आधी आठवा, त्यात तो लहान आहे,
मग तिसरा, युद्धाचा, मग पहिला,
दहावा अर्ध्यात थांबवायचा,
चौथा बघायचा, मग दहावा पुढे.
चौदा वर्षांचं पोर,
गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर
बाणांचं जाळं काढून बसलेलं.

मी म्हटलं, जसे आले तसे.
पहिला मी वाशीला पाहिला, कॉलेज बुडवून.
त्याचा बाप कोण, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं
आणि ठाऊक नसणं हाच तर अर्धा चित्रपट होता.
तेवढं तू तिच्याकडून आधीच काढून घेणार?

पण आत्या, मग पाचव्यात तो मरतो.
आणि पुढे सहा बाकी.

आईच्या हातात सुई जात होती.
तिकडे न बघता तिने विचारलं,
आवक क्रमांक काय?

एकतीस वर्षं तिने सिडकोत आवक-जावक सांभाळलं.
करावेची जमीन गेली, तिच्या बदल्यातली नोकरी.
बेलापूरचं ऑफिस, लाल कापडी पाठीचं रजिस्टर.
पत्रावर तारीख काहीही असो,
जानेवारीत लिहिलेलं जूनला आलं
तर जूनच्या पानावर.
मागे जाऊन दोन ओळींच्या मधे
बारीक अक्षरात घुसवायचं नाही.
त्याला खाडाखोड म्हणतात, म्हणाली.
साहेब सांगायचे. मी केली नाही.

साईश हिरमुसून खाली पाण्याची बाटली आणायला गेला.
ती त्याच सुरात पुढे बोलत राहिली,
तुझ्या बाबांचं आधीचं लग्न मला सातव्या वर्षी कळलं.
तू पोटात होतीस.
उरणहून एक बाई आली, दारात उभी राहिली,
चहा घेऊन गेली. साखर जास्त झाली होती बहुतेक.
सगळे म्हणाले, आता मागचं पुन्हा तपासून बघ,
कुठल्या रविवारी कुठे गेला होता.
मी नाही बघितलं.
आधीची सहा वर्षं ठाऊक नसतानाची आहेत,
ती तशीच लावलीत.

मला हे अडतिसाव्या वर्षी कळलं,
एका सोमवारी, सव्वाअकराला.
यंत्राच्या नळीत तिचं रक्त वर जात होतं, खाली येत होतं.
मी पहिला चित्रपट लावला.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, तो मेला.
ती रडली नाही.
पट्टी सुटल्यावर उजव्या हाताने स्वतःचा डावा हात चाचपला,
कातडीखाली जिथे रात्रंदिवस थरथरतं तिथे.
चालू आहे, म्हणाली.

आणि तिसऱ्या बुधवारी आठवा:
तोच, सात वर्षांचा, साध्या हाताचा,
गच्चीवर पतंगाचा मांजा सोडवत बसलेला.
जिथे कुणी हसत नाही तिथे आई हसली.
बघ की, म्हणाली, शेजारच्या पोराबद्दल बोलावं तसं,
ह्याला अजून काहीच सांगितलेलं नाही कुणी.
साईशने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

यंत्र वाजलं. तंत्रज्ञ मुलगी हातमोजे चढवत आली.
चित्रपट अजून एकोणीस मिनिटं होता.
मी म्हटलं, घरी जाऊन बघ उरलेला.
घरी नको, ती म्हणाली.
शुक्रवारच्या पानावर घे.
शेरा लिही, प्रलंबित.